लष्करी मानचिन्हं, अधिकृत परवाना आणि चित्रकाराची मोकळीक: हद्द कुठे?

रेघोट्या
मंडळी, कामातला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

मी कपड्यांवरच्या छपाईसाठी चित्रं काढून देतो. सध्या एका अमेरिकी टी-शर्टवाल्याचं काम करतोय. त्यांच्याकडे यूएस मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाची चिन्हं वापरायचा रीतसर परवाना आहे. पण परवाना आहे म्हणून काहीही छापता येत नाही. प्रत्येक चित्र आधी मरीन कोअरच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे जातं, तिथून होकार आला की मग छपाई.

ताज्या चित्रात मी त्यांचं गरुड-गोल-नांगर हे चिन्ह घेतलं. गरुडाचे पंख वर उचलले, पृथ्वीच्या गोलाला तडे दिले आणि नांगराचा दोर मोकळा करून खालच्या अक्षरांभोवती फिरवला. चित्र उठावदार झालंय. तिकडून शेरा आला: मूळ चिन्हाला हात लावू नका, बाकी रचना चालेल.

माझं मत असं की चिन्ह ओळखू येतंय तोवर चित्रकाराला मोकळीक हवी. जसंच्या तसं चिकटवायचं असेल तर आमची गरजच काय?

दुसरा प्रश्न इथला. साताऱ्याकडचे मराठा लाइट इन्फंट्रीचे काही माजी सैनिक मेळाव्यासाठी टी-शर्ट करून मागताहेत. छातीवर रेजिमेंटचं चिन्ह, पाठीवर युद्धघोषणा. आपल्याकडे परवानगी कुणाची घ्यायची? दोन्ही बाबतीत अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

आगाऊ_कार्टं
पृथ्वीला तडे दिलेत आणि वर विचारताय नकार का आला! तिचं रक्षण करायला ठेवलेली माणसं आहेत हो ती. :)

सुईदोरा
इचलकरंजीत कंप्युटर एम्ब्रॉयडरीचं युनिट आहे आमचं. निर्यातीचे पॅच करतो, त्यात अशी परवान्याची कामं येतात. रेघोट्या, तुमची तगमग कळते, पण मी तिकडच्या बाजूने आहे.

आमच्याकडचं उदाहरण देते. या चिन्हात गरुडाच्या चोचीत एक फीत आहे, तिच्यावर ‘सेम्पर फिडेलिस’ (सदैव निष्ठावान) हे त्यांचं ब्रीद लिहिलेलं असतं. टोपीच्या पुढच्या भागावर चिन्ह दोन-अडीच इंचाचं येतं. त्या मापात फितीवरचं अक्षर जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं उरतं. सॅटिन टाक्याचं अक्षर स्वच्छ वाचायला निदान पाच मिलिमीटर उंची लागते. त्याखाली गेलं की ‘ई’ आणि ‘एफ’मधल्या फटी दोऱ्याने बुजतात आणि फितीवर नुसत्या गाठी दिसतात. पंचिंगवाला, म्हणजे चित्र मशीनच्या टाक्यांत उतरवणारा, म्हणतो, अक्षरं काढून टाकू, कोण बघतंय? नाही चालत. मग त्यांना लेखी विचारायचं: माप वाढवू, की भरतकामाऐवजी विणलेला पॅच करू? विणलेल्या पॅचला बारीक तपशील पेलतो, दोरा पातळ असतो त्याचा. पर्याय आपण शोधायचा, चिन्ह आपण कापायचं नाही.

म्हणजे चित्रकाराची गरज संपत नाही, उलट तिथेच लागते.

मी_अक्षरवेडा
सुईदोरा, +१. वाचनखूण साठवली.

सॅनडिएगोची_सई
मी राहते तिथे मरीन कोअरचं भरती-प्रशिक्षण केंद्र आहे. दीक्षान्त संचलनाला देशभरातून आईबाप येतात आणि सगळ्यांच्या अंगात ‘मरीनची आई’, ‘मरीनचे आजोबा’ असे टी-शर्ट. तेरा आठवडे पोराचा आवाज धड ऐकलेला नसतो. शेजारच्या बाईंनी मुलाच्या संचलनासाठी घेतलेला शर्ट मला दाखवला होता. तिने आधी काय बघितलं असेल तर तो अधिकृत परवान्याचा टॅग. नंतर गरुड नीट आहे का ते. मुलाने शेवटच्या खडतर परीक्षेनंतर ते चिन्ह हातात घेतलेलं असतं, त्याआधी त्याला ते लावता येत नाही. त्या घराला पंख वर उचललेला गरुड चालणार नाही, रेघोट्या. त्यांनी खरा पाहिलाय.

रेघोट्या
सई, हा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण मग बाजारात कवटीवर बसवलेलं, आग लागलेलं, गंजलेलं असं सगळं दिसतं ते?

सॅनडिएगोची_सई
त्यातलं बरंचसं विनापरवाना. आणि परवान्यातल्या मालावरही गंजलेला पोत दिसतो, तो बहुतेक वेळा अख्ख्या छपाईवर असतो. फक्त चिन्हाचे तुकडे पाडलेले मी तरी पाहिले नाहीत.

कलमदान
वकिली करतो, बौद्धिक संपदा हा माझा विषय. अमेरिकेचं आधी सांगतो, कारण तिथे एक गैरसमज सगळ्यांचा होतो.

अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या चित्राला तिथे कॉपीराइट नसतो. त्यामुळे लोक सरकारी संकेतस्थळावरून चिन्ह उतरवतात आणि समजतात की फुकट आहे. कॉपीराइट नसला तरी ट्रेडमार्क आहे. मरीन कोअरच्या बाबतीत तर वेगळं कलमच आहे, ज्यात त्यांचं चिन्ह, मुद्रा, नाव आणि आद्याक्षरं परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला मनाई आहे.

दुसरं, मुद्रा आणि चिन्ह यांत फरक करा. सैन्यदलाची गोल अधिकृत मुद्रा ही सरकारी कागदपत्रांसाठी राखीव असते, ती मालावर छापायला मिळत नाही. मालावर येतं ते चिन्ह. मरीन कोअरची आजची मुद्रा १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने मंजूर झाली. गरुड-गोल-नांगर मात्र १८६८ पासूनचं, जेकब झाइलिन कमांडंट, म्हणजे दलप्रमुख, असतानाचं.

स्वामित्वधनाचं (रॉयल्टीचं) काय होतं तेही सांगतो. त्यांच्या संघीय कायद्यात टायटल १०, कलम २२६० आहे. परवान्यातून येणाऱ्या पैशातून आधी नोंदणी आणि परवाना-व्यवस्थेचा खर्च भागवायचा आणि उरलेलं सैनिकांच्या करमणूक व कल्याणाच्या कामाला द्यायचं. म्हणजे नकली शर्ट घेणारा त्या पोरांच्याच खिशातून काढतो.

आशयावरही बंधन आहे. गळ्यातल्या डॉग टॅगवर, म्हणजे सैनिकी ओळखपट्टीवर, सैन्यदलाचं चिन्ह आणि बायबलमधलं वचन एकत्र छापण्यावरून २०१९ मध्ये तिथे मोठा वाद झाला होता. परवान्याच्या नियमांत धार्मिक किंवा राजकीय मताचा प्रचार बसत नाही, हे सैन्याचं तेव्हाचं म्हणणं.

भारताचं जेवल्यावर लिहितो.

आगाऊ_कार्टं
काका जेवायला गेले, धागा तापू द्या तोवर.

दर्यावर्दी
गोलावरून एक सांगतो. अमेरिकी मरीनच्या गोलावर पश्चिम गोलार्ध असतो, म्हणजे दोन्ही अमेरिका. ब्रिटनच्या रॉयल मरीन्सच्या चिन्हातही गोल आहे, पण त्यावर पूर्व गोलार्ध. चित्रकार इंटरनेटवरून तयार गोल उचलतो आणि त्यावर आफ्रिका-आशिया येतात. तपासणारा पहिल्या नजरेत धरतो. तसंच कॉलरवरच्या चिन्हांचं. ती डावी-उजवी अशी जोडीने येतात, दोन्हींचे नांगर आतल्या बाजूला वळलेले. एकच काढून दोनदा ठेवलं की चुकलंच.

अमेरिकी सैनिकाच्या उजव्या दंडावरचा झेंडाही उलटा वाटतो, ताऱ्यांचा चौकोन बघणाऱ्याच्या उजवीकडे. तो मुद्दाम तसा असतो. सैनिक पुढे चालला की झेंडा पुढेच फडकला पाहिजे, मागे पळताना दिसता कामा नये. मराठी चित्रकाराने तो ‘सरळ’ करून पाठवल्याचं मला माहीत आहे.

कोल्हापुरी_ठसका
म्हणजे गोलावर कोल्हापूर दिसतच नाही? मग कसला आलाय गोल!

सुभेदार_निवृत्त
मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. बेळगावच्या सेंटरला शपथ घेतली. दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

आमच्या चिन्हात तलवारी, ढाल आणि बिगुल आहे. बिगुल ही लाइट इन्फंट्रीची खूण. हलक्या पायाची, भरभर सरकणारी पलटण, तिला हुकूम बिगुलावर मिळायचे. आमच्यातल्या ‘काळी पाचवी’ या पलटणीला बलुचिस्तानातल्या काहुनच्या लढाईतल्या पराक्रमासाठी १८४१ मध्ये लाइट इन्फंट्रीचा किताब मिळाला. तो बिगुल कुणाला नुसता भोंगा वाटत असेल, पण आमच्या लोकांनी तो कमावलाय.

म्हणून चित्रकार साहेब, विनंती एवढीच, बिगुलाची दोरी सुद्धा बदलू नका. मागे एका मेळाव्यात कुणीतरी छापून आणलं होतं, त्यात तलवारींच्या मुठी वर आणि पाती खाली. आमचे एक वयस्कर हवालदार होते, त्यांनी तो शर्ट घडी करून परत दिला, घातला नाही. बोलले काहीच नाहीत. छापणाऱ्याने विचारलं असतं तर दहा जण बॅज घेऊन गेलो असतो.

रेघोट्या
सुभेदार साहेब, नमस्कार. हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मला एक बॅज मापासाठी बघायला मिळेल का? फोटोवरून उठाव कळत नाही.

सुभेदार_निवृत्त
सेंटरच्या संग्रहालयात जुने-नवे बॅज आहेत, बेळगावला या. नाहीतर तुमच्या साताऱ्याच्या मंडळींकडे घरोघर मिळतील, तो भाग सैनिकांचाच आहे.

गडकोट
चिन्हं बदलतही असतात, हे लक्षात घ्या. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बॅजवर विकर्स मशिनगनच्या जोडीबरोबर कोरेगावचा विजयस्तंभ होता, नंतर त्याच्या जागी खंजीर आला. म्हणजे ‘अस्सल’ चिन्ह कोणतं, तर ज्या काळचं चित्र काढताय त्या काळचं. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या पलटणीच्या स्मरणार्थ काही करायचं असेल आणि तुम्ही आजचा बॅज टाकलात, तर जाणकार हळहळणार.

पण बदल कोण करतं? रेजिमेंट करते, वरून मंजुरी घेऊन. रेघोट्यांचं ‘मोकळीक हवी’ मला इथे पटत नाही.

मी_अक्षरवेडा
मी थोडा रेघोट्यांच्या बाजूने. कुणीतरी कधीतरी पहिलं चित्र काढलंच ना? चिन्ह आकाशातून पडत नाही. अमेरिकेत फोर्ट बेल्व्हॉयरला इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्ड्री म्हणून सैन्याची संस्थाच आहे, तिथे चित्रकार पलटणींची चिन्हं घडवतात. आपल्याकडे ‘ऑपरेशन सिंदूर’चं बोधचिन्ह लष्करातल्याच दोघांनी केलं, लेफ्टनंट कर्नल हर्ष गुप्ता आणि हवालदार सुरिंदर सिंग. एका ‘ओ’ची कुंकवाची वाटी केली, आणि ते देशभर पोचलं. कल्पकतेला जागा आहे की.

कलमदान
जागा आहे, पण मालकाच्या घरात. अक्षरवेडा, तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ७ मे २०२५ ला कारवाईची बातमी आली आणि त्याच दिवशी ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज पडायला लागले, त्यात एका मोठ्या उद्योगसमूहाचाही होता. गदारोळ झाल्यावर तो मागे घेतला गेला. चिन्ह सैनिकांनी घडवायचं आणि हक्क दुसऱ्याने सांगायचा, हे थांबवायला परवाना-व्यवस्था लागते.

आता भारताचं, वचन दिल्याप्रमाणे.

पहिली गोष्ट, सिंहशीर्ष. भारतीय लष्कराच्या मुख्य चिन्हात दोन तलवारींवर अशोकस्तंभाचे सिंह आहेत. मेजरपासून वरच्या बहुतेक हुद्द्यांच्या खांद्यावर सिंह आहेत. राज्यचिन्हाच्या गैरवापराला मनाई करणारा २००५ चा कायदा सांगतो की विहित अपवाद सोडून व्यापार-धंद्यासाठी हे चिन्ह वापरता येणार नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे विक्रीच्या शर्टावर सिंह दिसले की थांबा.

दुसरी गोष्ट मराठी माणसाला ठाऊक असायलाच हवी. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं यांच्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. त्यात महात्मा गांधींच्या जोडीला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी वापरायचं तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीची युद्धघोषणा काय आहे? ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. रेघोट्या, पाठीवर ती छापून तुम्ही शर्ट दुकानात विकायला ठेवलात, तर हा कायदा दारात उभा, आणि छातीवरच्या चिन्हात सिंह असले तर २००५ चाही.

कोल्हापुरी_ठसका
काका, मग गल्लोगल्ली महाराजांचे स्टिकर आणि टी-शर्ट विकतात ते?

कलमदान
विकले जातात आणि कारवाई क्वचित होते. लोकांच्या मनात श्रद्धा आहे, धंद्याचा भाव नाही, म्हणून यंत्रणाही सोडून देते. पण ज्या मालावर ‘अधिकृत’ हा शब्द लावायचाय तिथे मी अशिलाला हा सल्ला देणार नाही. मेळाव्याचे शर्ट सभासदांनी वर्गणी काढून स्वतःसाठी केले आणि विकले नाहीत, तर व्यापाराचा मुद्दा बराच सैल होतो. तरीही रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून नमुना दाखवा आणि लेखी उत्तर जपून ठेवा.

दर्यावर्दी
नौदलाचं राहिलं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विमानवाहू नौका विक्रांत ताफ्यात आली, त्या दिवशी नौदलाचं नवं निशाण आलं. ब्रिटिशांच्या काळातला सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि सोनेरी दुहेरी कडेचा निळा अष्टकोन आला, महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला. आत नांगर, त्यावर सिंह, खाली ‘शं नो वरुणः’. पुढच्या वर्षी सिंधुदुर्गावर नौदल दिन झाला, तिथे घोषणा झाली आणि डिसेंबर २०२३ अखेर ॲडमिरलांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांतही अष्टकोन आला.

मालवणला नंतर अष्टकोनाच्या कीचेन, टोप्या दिसायला लागल्या. मला आनंदच आहे. फक्त काही ठिकाणी बाजू सातच भरल्या. राजमुद्रेला तरी आठ कोपरे द्या रे!

आगाऊ_कार्टं
अवांतर: धोनीच्या ग्लोव्हजवर ‘बलिदान’ बॅज होता तेव्हा आयसीसीने काढायला लावला. तो तर मानद लेफ्टनंट कर्नल! मग परवानगी त्याला पण नव्हती?

गडकोट
तो २०१९ च्या विश्वचषकातला प्रश्न खेळाच्या साहित्यावर काय दिसू शकतं, याचा होता. आयसीसीचे नियम. इथल्या विषयाशी त्याचा संबंध एवढाच की बलिदान बॅज स्पेशल फोर्सेसचे जवानच लावू शकतात. तरी तो बाजारात ढिगाने मिळतो. मला हे खटकतं. ज्यासाठी माणसं जीव पणाला लावतात ते बुलेटच्या मडगार्डवर स्टिकर म्हणून लागतं.

सुईदोरा
गडकोट, शंभर टक्के. आमच्याकडे कॉलेजची पोरं येतात, हेच भरून द्या म्हणतात. आम्ही नाही म्हणतो. बदल्यात त्यांच्याच ट्रेकिंगच्या ग्रुपचं चिन्ह करून देतो, खूश होतात.

लष्कराच्या नवीन डिजिटल छापाच्या कापडाबद्दलही लिहा कुणीतरी, आम्हाला त्याचीही मागणी येते.

कलमदान
ते तर साफ बंद. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला तो गणवेश पहिल्यांदा दिसला. निफ्ट या फॅशन संस्थेच्या मदतीने केलेला आहे. लष्कराने त्या नक्षीची डिझाइन म्हणून नोंदणी केली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. हक्क दहा वर्षं, पुढे पाच वर्षं वाढवता येतो. लष्कराने ज्याला नेमलंय त्यानेच ते कापड बनवायचं. शिवाय सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर लष्कराने लोकांना असे कपडे घालू नका, दुकानदारांना विकू नका, असं आवाहन केलं होतं. त्यामागचं कारण उघड आहे.

जरीकाठ
सगळे मशीनचंच बोलताहेत, म्हणून हाताच्या कामाबद्दल. बनारसच्या लल्लापुऱ्यात जरदोजीचे कारागीर परदेशी सैन्यांसाठी आणि राजघराण्यांच्या रक्षकांसाठी बॅज भरतात. मी त्यांचं काम बसून पाहिलंय. लाकडी अड्ड्यावर, म्हणजे चौकटीवर, काळं मखमल ताणलेलं, त्यावर खडूच्या पुडीने उतरवलेला नमुना. सोनेरी तारेची स्प्रिंग, तिला दबका म्हणतात, कात्रीने गव्हाएवढी कापायची, सुईत ओवायची आणि टाका घ्यायचा. तुकडा केसभर लांब झाला तर कमान वर उचलली जाते, आखूड झाला तर खालचा दोरा दिसतो. मुकुटाच्या एका मण्यासाठी कारागिराने तीन तुकडे कापून फेकले आणि चौथा लावला. समोर नमुन्याचं कार्ड टाचलेलं होतं, त्यावर मण्यांची संख्या लिहिलेली. त्या माणसाला ती पलटण कुठल्या देशाची हे माहीत नव्हतं, पण मणी किती ते पाठ होतं.

रेघोट्या, तुम्ही विचारलंत ना, जसंच्या तसं करायचं तर चित्रकार कशाला? त्याचं उत्तर मला तिथे दिसलं.

सुभेदार_निवृत्त
जरीकाठ ताई, त्या कारागिराला आमच्याकडून सलाम सांगा.

रेघोट्या
सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काय ठरवलंय ते सांगतो.

अमेरिकी कामात चिन्ह त्यांनी पाठवलेल्या मूळ व्हेक्टर फाइलमधूनच घेणार, एकही बिंदू न हलवता. दोर, तडे, धूळ ही सगळी हौस मागच्या दृश्यात घालणार: किनारा, उतरणारं हेलिकॉप्टर आणि वाळूत पाय रुतवून चाललेली रांग. चिन्हाभोवती मोकळी जागा सोडणार, म्हणजे मागचं चित्र त्यावर चढणार नाही. दर्यावर्दींनी सांगितल्यावर गोल तपासला, त्यांच्या फाइलमध्ये दोन्ही अमेरिका नीट आहेत.

साताऱ्याच्या मंडळींशी बोललो. शर्ट विकायचे नाहीत, वर्गणीतूनच करायचे आणि मोजून सभासदांपुरतेच. बेळगावला पत्र त्यांच्या अध्यक्षांच्या सहीने जाईल, सोबत चित्राचा नमुना. होकार येईपर्यंत छपाई नाही. मी एक पर्यायी चित्रही करतोय, त्यात चिन्ह नाही आणि घोषणाही नाही. नुसती संचलनातल्या बुटांची रांग, मागे सह्याद्रीची कड आणि पलटणीचं नाव. नकार आला तर ते वापरू.

सुईदोरा, छातीवर भरतकाम करायचं ठरलं तर चिन्ह किती मापाचं धरू? बिगुलाची दोरी सुटता कामा नये.

सुईदोरा
साडेतीन इंच धरा, त्याखाली दोरी दोन टाक्यांची होईल आणि धुतल्यावर फसकेल. बॅजचा समोरून काढलेला स्वच्छ फोटो आणि तुमची व्हेक्टर, दोन्ही पाठवा. पत्राचं उत्तर आलं की पंचिंगला घेते. पहिला नमुना आधी सुभेदार साहेबांना दाखवू, मग बाकीचे काढू.

सुभेदार_निवृत्त
पाठवा. चष्मा लावून बघतो.